टाचणीच्या पोटावरच्या रेघा

टाचणीच्या पोटावर रेघा होत्या. बेंबीच्या दोन्ही अंगांना, कमरेवर आणि थोड्या मांड्यांवर. पांढुरक्या, बारीक, उजेड तिरका पडला की जरा चकाकणाऱ्या. रस्त्याने जाणाऱ्या चार माणसांना धरून विचारा, एखाद्याच्या तरी अंगावर कुठे ना कुठे अशा रेघा निघतील. म्हणजे यात सांगण्यासारखं काहीच नाही आणि गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण काही लोकांना दुसऱ्याच्या पोटात डोकावल्याशिवाय घशाखाली घास उतरत नाही. म्हणून ती लांबली, आणि अशी लांबली की आजही आठवलं तर डोक्यात तिडीक जाते.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जुने सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटा नव्याने मढवून देणाऱ्या एका दुकानात ती कामाला होती. कापड लावताना चार-पाच टाचण्या ओठांत धरायच्या आणि त्या तशाच ठेवून समोरच्याशी बोलायचं, ही तिची सवय. शिवाय बाई उंच आणि सडसडीत. पण मालक म्हणायचे, हे नाव मी तिच्या अंगावरून नाही, जिभेवरून ठेवलंय. उगाच हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला ती टाचण्यांच्या फटीतून असं काही ऐकवायची की तो हसत हसत गप्प बसायचा.

काम चोख. सोफा आला की तो पालथा घालायचा, खालचं कापड टराटरा फाडायचं, गंजलेल्या पिना पकडीने उपटायच्या, सैल पडलेले पट्टे काढून नवे ठोकायचे, मग फोम आणि मग वरचं कापड. ते कापड ताणून बसवणं सगळ्यात अवघड. कमी ताणलं तर सुरकुत्या पडतात, जास्त ताणलं तर वीण विस्कटते. हे सगळं ती मामाकडे शिकली. मामाचं दुसऱ्या गावात असंच एक छोटं दुकान होतं आणि सोळाव्या वर्षी ती वर्षभर त्याच्याकडे जाऊन राहिली होती. हे वर्ष लक्षात ठेवा, कारण पुढे दोन बायकांनी ते फारच मनावर घेतलं.

रेघांचं म्हणाल तर त्या त्याच काळातल्या. लहानपणी ती चांगली गुबगुबीत होती, शाळेत पोरी तिला ढोली म्हणायच्या. मामाकडे असताना अंगाने एकदम उंची धरली. पोरगी आधी आडवी वाढली, मग उभी, आणि कातडीची बिचारीची दोन्हीकडे धावताना दमछाक झाली. रेघा सुरुवातीला लालसर होत्या, खाजायच्या. आई भेटायला आली तेव्हा म्हणाली, वाढत्या अंगाचं आहे, खाजवू नकोस. पुढे त्या पांढऱ्या पडल्या आणि टाचणी त्यांना विसरूनही गेली.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. मोटारसायकलची फाटलेली सीट घेऊन तो दुकानात आला आणि सीट नवी झाल्यावरही येत राहिला. मालकांनी एकदा त्याला विचारलंच, की बाबा, तू सीटवर बसतोस की सीट खातोस? त्यानंतर थोड्याच दिवसांत लग्न ठरलं. घर चौथ्या मजल्यावर, आणि गंमत बघा, लिफ्टवाल्याच्याच इमारतीची लिफ्ट कायम बंद. घरात सासू, नवरा आणि ही. मोठी नणंद पलीकडच्या गल्लीत राहायची. तिला एक लहान मुलगी होती, आणि रोज संध्याकाळी पोरीला कडेवर घेऊन ती आईकडे हजर असायची.

नवरा माणूस म्हणून गोड. हसरा, कष्टाळू, बायकोच्या कामाचं चारचौघांत कौतुक करणारा. पण अंधाऱ्या लिफ्टच्या भुयारात पट्ट्याला लटकून काम करणारा हा गडी आईसमोर आला की मांजर व्हायचा. आणि सासूचंही खोटं कशाला सांगा, पहिले काही महिने तिने सुनेला हातावर झेललं. कपाटातला वरचा खण स्वतः रिकामा करून दिला. टाचणीला वाटलं, आपलं नशीब बरं निघालं.

मग नणंदेच्या दिराचं लग्न निघालं आणि दोघी मिळून कपडे घ्यायला गेल्या. दुकानातल्या त्या आरशाच्या खोलीत टाचणीने एक झगा घालून बघितला आणि त्याची चेन अर्ध्यावर अडकली. वर जाईना, खाली येईना. तिने नणंदेला हाक मारली. नणंद आत आली, झगा वर उचलला, आणि तिचे हात तिथेच थांबले. आरशावरचा दिवा डोक्यावर होता आणि पोटावरची एकेक रेघ स्वच्छ दिसत होती.

"हे कधीचं गं?" नणंदेने विचारलं.

"ते होय? फार जुनं आहे. मामाकडे होते ना, तेव्हाचं."

टाचणी खरं बोलली. खरं बोलायची तिला खोडच होती. नणंदेने "मामाकडे होतीस तेव्हाचं" असं एकदा हळूच स्वतःशी म्हणून घेतलं, चेन सोडवली आणि झगा न बघताच म्हणाली की नको हा, तुला शोभत नाही. घरी येताना रस्ताभर तिने तोंड उघडलं नाही. एरवी ही बाई फुटाण्यासारखी फुटत असायची, म्हणून टाचणीला वाटलं, हिचं डोकं दुखत असेल.

डोकं दुखत नव्हतं, डोकं चालत होतं! सोळा वर्षांची मुलगी, वर्षभर घरापासून लांब, आणि पोटावर रेघा. नणंदेच्या स्वतःच्या पोटावर बाळंतपणानंतरच्या अशाच रेघा होत्या आणि त्यांचं तिला कोण कौतुक. आईपण असं अंगावर मिरवावं लागतं, म्हणायची. त्यामुळे अशा रेघा मूल झाल्याशिवायही येतात हे तिच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. तिने आईच्या कानात सांगितलं आणि मायलेकींनी सुतावरून स्वर्ग गाठला.

पण कुणी काही बोललं का? छे! बोलले असते तर बरं झालं असतं. बोललं की खोडून तरी काढता येतं. इथे सगळं आडून चाललं होतं. सासू भाजी निवडता निवडता विचारायची, मामाकडे वर्षभरच होतीस ना, मग एकदम परत का आलीस? मामी तेव्हा घरातच असायची का? शाळा मध्येच सोडलीस म्हणे, कशामुळे? टाचणी भाबडेपणाने सगळी उत्तरं द्यायची आणि प्रत्येक उत्तरावर सासू नुसती "असं होय" म्हणायची. मग एकदा नणंदेची पोरगी रडत होती, टाचणीने तिला उचलून खांद्यावर टाकलं आणि पोर लगेच शांत झाली. तेव्हा नणंद आईकडे बघत म्हणाली, "बघ ना, कसं बरोबर घेते बाळाला. सवय असल्यासारखं."

तेव्हा कुठे टाचणीच्या डोक्यात प्रकाश पडला. पोरीला थोपटत ती उभी राहिली. मागच्या दिवसांत जाऊन तिने एकेक प्रश्न पुन्हा आठवला. मामी घरात असायची का, याचा अर्थ काय होतो तेही कळलं. ज्या मामाने तिला हातात सुई धरायला शिकवलं, त्याचं नाव असल्या घाणीत ओढलं जात होतं. अंगाची लाहीलाही झाली तिच्या.

नवरा कामावरून येताना तिला जिन्यातच गाठावा लागला, कारण घरात बोलायची सोय नव्हती. तिने त्याला सरळ विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तो म्हणाला, मला काही वाटत नाही, माझा तुझ्यावर विश्वास आहे. टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती म्हणाली, एवढंच आईंना सांगा. फक्त एक वाक्य. हिला मूल झालेलं नाही आणि हा विषय यापुढे काढायचा नाही, एवढं बोला, बाकी मी सगळं सांभाळते. तिला त्याच्याकडून दुसरं काही नको होतं. त्याने मान हलवली, दोन पायऱ्या चढला, आणि वळून म्हणाला की पण आई तसं काही म्हणालीच नाहीये ना, मग मी आपणहून कसा विषय काढू?

घ्या! म्हणजे आई म्हणत नाही म्हणून मुलगा उत्तर देत नाही, आणि मुलगा उत्तर देत नाही म्हणून आई मनात धरून बसते. आणि मधल्यामध्ये ही रोज भरडली जाते. काही दिवसांनी त्याने तोडगा काढला. लिफ्टवाल्याचं डोकं ते, बिघडलं की भाग बदलायचा. त्याने एक त्वचेच्या डॉक्टरीण बाई शोधल्या आणि म्हणाला, हल्ली या स्ट्रेच मार्क्सवर ऑपरेशनशिवाय बरेच उपाय निघालेत. मलमं आहेत, बारीक सुया आहेत, लेझर आहे. घालवून टाकू, म्हणजे रेघाही नाहीत आणि चर्चाही नाही.

टाचणी हो म्हणाली. इथे ती चुकली, आणि ही चूक तिला फार महागात पडली. तिला वाटलं, नवरा निदान काहीतरी करतोय. पण घरात त्याचा अर्थ वेगळाच लागला. जिचं मन साफ आहे ती डाग घालवायला कशाला धावेल? ज्या दिवशी तिने दवाखान्यात जायचं कबूल केलं, त्या दिवशी सासूच्या मनातली उरलीसुरली शंकाही मिटली. नणंद तर एकदम मायाळू झाली. तिने आपलं बाळंतपणातलं तेल आणून दिलं आणि म्हणाली, लाव गं, आम्ही काय परके आहोत? या "आम्ही काय परके आहोत" मधला दिलासा ऐकून टाचणीला ती बाटली भिंतीवर फोडावीशी वाटली. तरी तिने तेल लावलं. पोट मऊ झालं, तुकतुकीत झालं, आणि त्या तुकतुकीत पोटावर रेघा जास्तच उठून दिसू लागल्या.

डॉक्टरीण बाई मध्यम वयाच्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी दिवा जवळ ओढला, बोटांनी कातडी ताणून बघितली. तेलाबद्दल म्हणाल्या, कातडी मऊ राहते, खाज कमी होते, मालिशही बरं वाटतं, पण रेघ जात नाही. लालसर होत्या तेव्हा आली असतीस तर जास्त फरक पडला असता, आता पांढऱ्या पडल्यात, वेळ लागेल. रात्री लावायचं एक मलम देते. त्याने आग होईल, साली निघतील, उन्हात जपायचं. आणि मूल हवं असेल तेव्हा, पोटुशी असताना किंवा अंगावर पाजताना, ते अजिबात चालत नाही. मग सुयांचं यंत्र. बारीक सुयांनी टोचलं की कातडी स्वतःला दुरुस्त करायला लागते आणि आतून भर येते. लेझरही आहे, पण आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर कधी कधी त्याचेच काळे डाग राहतात, म्हणून गरज पडली तर आधी एका कोपऱ्यात करून बघू. आणि हे सगळं करूनही रेघा फिक्या होतील, पुसल्या जाणार नाहीत. पूर्ण घालवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर तो थापा मारतोय असं खुशाल समजा.

मग त्यांनी टाचणीला विचारलं, "तुला स्वतःला यांचा त्रास होतो का?"

असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती नवऱ्याकडे बघायला लागली. नवऱ्याने घसा साफ केला आणि चाचरत विचारलं, की यावरून, म्हणजे नुसतं बघून, कळतं का, कशामुळे आल्या ते? डॉक्टरीण बाईंनी चष्मा काढला. रेघ बघून कारण सांगता येत नाही, म्हणाल्या. बाळंतपणात येतात, वजन वाढून येतात, काही औषधांनी येतात, वाढीच्या वयात तर कितीतरी जणांना येतात. मुलग्यांना येतात, ज्यांनी लग्नाचा विचारही केलेला नसतो. उंची भराभर वाढली की त्यांच्या पाठीवर आडव्या उमटतात, आणि पाठ स्वतःला दिसत नाही म्हणून बिचाऱ्यांना आयुष्यभर पत्ता नसतो.

टाचणीच्या मनात एकदम काहीतरी हललं. नवऱ्याच्या कमरेच्या वर, पाठीवर, तिने आडव्या पांढऱ्या रेघा पाहिल्या होत्या. कामावर कमरेला बांधायच्या पट्ट्याचे वळ असतील असं तिला वाटायचं. एकदा तिने त्यांवर हळद लावू का असंही विचारलं होतं. घरी आल्यावर तो आंघोळ करून बाहेर आला तेव्हा तिने पुन्हा नीट बघितलं. पट्ट्याचे वळ असे नसतात. या तर तिच्याच जातीच्या होत्या.

ती तेव्हा बोलली नाही. तिला वाटलं, डॉक्टरांचं बोलणं यानेही ऐकलंय, आता हा आपणहून आईला सांगेल. ती स्वयंपाकघरात कान टवकारून उभी राहिली. सासूने विचारलं, काय म्हणाल्या डॉक्टर? आणि हा शहाणा काय सांगतो, तर "पूर्ण जाणार नाहीत म्हणाल्या." बस्स, एवढंच! एवढं मोठं उत्तर हातात आयतं मिळालेलं, आणि त्यातलं नेमकं हेच वाक्य त्याने घरी आणलं. सासूने सुस्कारा सोडला. म्हणाली, असू दे, जेवढ्या जातील तेवढ्या जातील.

उपचार सुरू झाले. मलमाने पोटाची आग आग व्हायची, साली निघायच्या, कापडाचं ओझंही सहन व्हायचं नाही. दिवसभर कमरेत वाकून सोफ्यांवर काम करायचं आणि कमरेवरच कातडी सोललेली. सुयांच्या दिवशी आधी बधिर करायचं मलम फासून बसवायचे, मग ते घरघरणारं यंत्र पोटावरून फिरायचं. त्यानंतर दोन दिवस पोट लालभडक. टाचणी दात आवळून सगळं सोसत होती. मालकांनी एकदा विचारलं, बाई, हल्ली टोचत नाहीस, बरं नाही का? तिने हसून वेळ मारून नेली.

आणि मलम चालू म्हणून मूल लांबणीवर टाकावं लागलं. हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं, नवऱ्याने ऐकलं होतं. पण शेजारणीने सासूला विचारलं, सुनेची काही गोड बातमी? तेव्हा सासू दारात उभी राहून म्हणाली, "आमच्या सुनेला कसली घाई?" आणि वर हसली. पुढचं वाक्य ती बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. नवरा तिथेच बूट घालत होता. त्याने लेस बांधली, सुटलेली नसताना पुन्हा सोडून पुन्हा बांधली आणि कामाला निघून गेला. आता सांगा, ज्यांच्या संशयामुळे हिचं मूल लांबलं, त्यांनाच मूल न होण्यात पुन्हा संशयाचा पुरावा मिळाला. या बायकांच्या डोक्याला काय म्हणावं?

हळूहळू रेघा फिक्या झाल्या, हे खरं. बोट फिरवलं तर लागायच्या, पण समोरून बघितलं तर बऱ्याचशा कातडीत मिसळल्या होत्या. डॉक्टरीण बाई खूश होत्या. म्हणाल्या, अजून एकदा सुया करू, मग थांबू. सुट्टीच्या दिवशी नणंद घरी आली होती. तिने हट्टाने बघायला मागितलं आणि टाचणीने निमूटपणे कुर्ता वर केला. नणंदेने आईला बोलावलं. दोघींनी वाकून बघितलं. सासूच्या चेहऱ्यावर खरोखरीचं समाधान पसरलं. तिने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चला, झाकलं गेलं एकदाचं. आता मागचं मागे."

पाठीवरचा तो हात मायेचा होता, हेच तर वाईट. सासूने तिला माफ केलं होतं. न केलेल्या गोष्टीची माफी!  टाचणीचं इतके महिने गिळलेलं सगळं तोंडाशी आलं. नवरा तेवढ्यात उघड्या अंगाने, पंच्याने डोकं पुसत बाहेर आला होता. तिने त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला खिडकीकडे पाठ करून उभं केलं.

"आई, ताई, इकडे बघा. नीट बघा. या रेघा दिसतात? माझ्या होत्या तशाच आहेत की नाहीत?"

दोघी बघत राहिल्या. रेघा तिथे होत्या, पाठीवर आडव्या, स्वच्छ. आईने जन्म दिलेला, न्हाऊ घातलेला मुलगा, आणि तिने त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. कारण कुणी शोधल्याच नव्हत्या. टाचणीने मग नवऱ्याला मोठ्याने विचारलं, "तुमची किती बाळंतपणं झाली हो? कुठल्या मामाकडे होतात?"

नवरा मान वळवून स्वतःची पाठ बघायची धडपड करायला लागला आणि काय आहे, काय आहे, असं विचारत स्वतःभोवतीच फिरला. दुसरी वेळ असती तर टाचणी पोट धरून हसली असती. नणंदेचं तोंड उघडं ते उघडंच. सासू मात्र लगेच सावरली. ती म्हणाली, "पुरुषांचं वेगळं असतं."

संपलं. पुरुषांचं वेगळं असतं! तीच कातडी, तीच रेघ, पण लेकीच्या पोटावर आली तर आईपण, सुनेच्या पोटावर आली तर पाप, आणि मुलाच्या पाठीवर आली तर काहीच नाही. टाचणीने नवऱ्याकडे बघितलं. आता तरी. एक वाक्य. तो पंचा खांद्यावर घेत कसंनुसं हसला आणि म्हणाला, जाऊ दे ना आता, आई म्हणाली ना मागचं मागे, विषय संपला.

 टाचणीने पिशवी भरली, त्यात आपली कात्री आणि पकड टाकली, आणि चार मजले उतरून माहेरी आईकडे निघून गेली. मलमाची ट्यूब आरशासमोर तशीच राहिली.

आईकडून ती रोज दुकानात यायची. तिने मालकांना सगळं सांगितलं नाही, पण जेवढं सांगितलं तेवढ्यावरून ते एवढे भडकले की एक चांगली खुर्ची त्यांनी चुकून दोनदा उसवली. नवरा फोन करायचा, ती उचलायची नाही. शेवटी तो दुकानात आला. टाचणी एका लांबलचक सोफ्याला कापड चढवत होती, ओठांत टाचण्या होत्या. तो अवघडून म्हणाला, डॉक्टरांकडची शेवटची तारीख जवळ आली, तू येणार ना?

तिने एकेक टाचणी काढून मनगटावरच्या गादीत खोचली. तोंड मोकळं झाल्यावर बोलली. कुणासाठी येऊ, तिने विचारलं. मला त्या रेघांचा कधी त्रास नव्हता. मला आवडल्या नसत्या आणि मी आपणहून गेले असते तर गोष्ट वेगळी, आरशात बघून स्वतःला बरं वाटावं म्हणून जातात बायका, त्यात वावगं काही नाही. पण मी गेले ते तुमच्या आईचं तोंड बंद करायला, आणि ते तोंड उघडलेलंच नव्हतं. सुया मला टोचल्या, आग माझ्या पोटाची झाली, आणि शेवटी मला माफी मिळाली! तो म्हणाला, मला माहीत आहे गं तसं काही नव्हतं ते. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे, हे मला माहीत आहे. ते माझ्याशी बोलून काय उपयोग?"

 मालक पलीकडे फोम कापत होते, त्यांनी कापायचं थांबवलं. मग तो म्हणाला, चल. आत्ता चल. टाचणीने त्याच्याकडे बघितलं. या वेळी त्याने नजर चुकवली नाही. मालकांनी हातानेच सांगितलं, जा.

दोघं घरी पोचली तेव्हा नणंदही तिथे होती. सासू खुर्चीत बसून मटार सोलत होती. नवरा दारातच उभा राहिला, बूटही काढले नाहीत, जणू बूट काढायला वाकला तर पुन्हा उभं राहता येणार नाही. आणि एका दमात म्हणाला, "आई, हिला मूल झालेलं नाही. त्या रेघा वाढीच्या आहेत, माझ्याही आहेत. तुम्ही दोघींनी मनात धरलंय ते खोटं आहे, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी गप्प बसलो. मी बोलायला हवं होतं."

 सासूच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली. तिने मुलाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणाली, "मी कुठे काय म्हणाले होते?"

बघा! खोटंही नव्हतं ते. बाई कधीच काही म्हणाली नव्हती. टाचणी दोन पावलं पुढे आली आणि सासूच्या समोर जमिनीवर बसली, तिच्या डोळ्यांच्या रेषेत.

"नाही म्हणालात. म्हणूनच मला नाही म्हणता आलं नाही. आज म्हणा आई. जे मनात होतं ते एकदा तोंडाने विचारा, मी इथे बसलेय."

सासूचे ओठ हलले. तिने लेकीकडे बघितलं, लेक पोरीचे केस सारखे करायला लागली. मुलाकडे बघितलं, तो नजर न हटवता उभा होता. शब्द काही केल्या बाहेर येईना. वर्षभर ज्या शब्दावर त्यांनी एका बाईची झोप उडवली, तो मोठ्याने उच्चारायची त्या घरात एकाचीही छाती होईना.

टाचणी थांबली, चांगली थांबली. मग म्हणाली, "तोंडाने म्हणवत नाही ना? मग मनातही आणू नका."

सासूने मान खाली घातली. बऱ्याच वेळाने तिने मटारचं भांडं थोडं पुढे सरकवलं, सुनेच्या हाताला लागेल एवढं. टाचणीने त्याला हात लावला नाही. ती उठली आणि नवऱ्याला म्हणाली, बूट काढा आता, आत या.